पंचफुलाचं ‘न्हाई’

जीप कालव्याच्या भरावावर थांबली तेव्हा पंचफुला आकडीनं बाभळीच्या डहाळ्या पाडून शेळीला घालत होती. जीपची काच खाली झाली. पुढं ड्रायव्हरशेजारी कालव्याचे साहेब बसले होते. मागं चष्मा लावलेली, मांडीवर वही घेतलेली एक तरणी बाई होती आणि तिच्या बाजूला गावचे नागनाथराव. नागनाथराव पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष. वय ऐंशीला टेकलेलं, पण टोपीची घडी अजून कडक.

"हिला विचारा," नागनाथराव म्हणाले. "ह्या कालव्यावर हिनं टोपली उचललीत. आमच्या गोळेगव्हाणात आता हिच्याइतकं जुनं माणूस फारसं राह्यलं न्हाई. मी सोडून."

वहीवाली बाई काचेशी वाकली. "आजी, कालव्याची दुरुस्ती सुरू व्हायच्या आधी आम्ही जुन्या जागांची पाहणी करतोय. इथं खोदताना काही निघालं होतं का? जुनी भांडी, विटा, मूर्ती?"

पंचफुलानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा नागनाथरावांकडं.

"न्हाई."

"काहीच नाही?"

"मातीत काय निघंल बाई. माती निघाली."

बाईनं वहीत काहीतरी लिहिलं. काच वर गेली आणि जीप धुरळा सोडून पुढच्या मोरीकडं निघून गेली. शेळीनं दुसरी डहाळी तोंडात घेईस्तोवर सगळं उरकलं होतं.

हे ‘न्हाई’ पंचफुलानं त्या दिवशी नवं घडवलेलं नव्हतं. बावन्न वर्षं ते तिच्या घरात चुलीसारखं रोजच्या वापरात होतं. तलाठी आला, न्हाई. शाळेचा मास्तर आला, न्हाई. कुणी अनोळखी माणसानं जुन्या दिवसांचं नाव काढलं की विचारणं पुरं व्हायच्या आत उत्तर तयार असायचं. ते कसं झालं ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

बहात्तरच्या दुष्काळात ह्या कालव्याचं काम निघालं. पंचफुला तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं. नवरा किशन कुदळ मारायचा, ती टोपलं उचलायची. भरावाला लागणारी माती कालव्याच्या कडेला खड्डे करून काढत. प्रत्येक जोडीला चौकोन आखून दिलेला. त्यात एक रीत होती. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खोदता उभा सोडायचा. त्याला साक्ष म्हणत. शनिवारी मोजणी व्हायची, तेव्हा साक्षीची उंची मोजून खड्डा किती खोल गेला ते ठरवत. मोजणी होईपर्यंत साक्षीला कुदळ लावायची नाही. साक्ष पाडली तर आठवडाभर खोदलेलं खोदलं नाही असं धरत.

गावालगतच्या त्या पट्ट्यात काळी माती वरवरच होती. दोन हात खाली गेलं की पांढरी लागायची, राखेसारखी भुसभुशीत. तिच्यात खापरं तर टोपलीमागं दोन निघत. त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं. दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीसाठी रांग लागायची, पोटात आग असायची, खापरं कोण बघतं.

एका शुक्रवारी दुपारी किशनची कुदळ ठण्णकन वाजली. साक्षीच्या बुडाशी रांजण होते. एका ओळीत तीन, तोंडांवर चपटे दगड, गळ्यापर्यंत पांढरीत पुरलेले. मधला अर्धा साक्षीच्या पोटात होता. त्याच्याच खांद्याला कुदळ बसून हाताचा पंजा जाईल एवढं भोक पडलं होतं. आत काळं, घट्ट काहीतरी भरलेलं.

किशननं कुदळ खाली ठेवली. हात पुसले आणि सरळ हजेरीचं मस्टर लिहिणाऱ्याकडं गेला. मस्टर लिहिणारा हाच नागनाथ. तेव्हा पंचविशीचा, गावातला सातवी पास म्हणून कामावर लागलेला.

"बाबू, रांजण निघालेत," किशन म्हणाला. "कुणाला कळवायचं आसंल तर कळवा. आमी हात लावला न्हाई."

नागनाथ आला, खड्ड्याच्या काठावरून वाकून पाहिलं, खाली उतरला नाही. संध्याकाळी सायकलवर टांग टाकून बोरीच्या बाजारात गेला. बाजारात त्यानं काय सांगितलं ते त्याचं त्याला ठाऊक. रात्रीची जेवणं व्हायच्या आत रांजणाचा हंडा झाला होता आणि हंड्यात सोनं भरलं होतं.

सकाळी पोलीस आले. जमादारानं भोकात काठी घातली. काठीला काळं लागलं. तो म्हणाला, "रांजणात माती कोण भरून ठेवतंय? सोनं काढलं आन् माती भरली." झाला तपास. एकशे चाळीस माणसं कामावर होती, त्यातला एकच उचलला. सांगणारा गावातल्या मोठ्या घरचा होता आणि ज्याच्याबद्दल सांगितलं तो शिवेकडच्या वस्तीतला. जमादाराला एवढी चौकशी पुरली.

तीन दिवसांनी किशन परत आला तेव्हा त्याचा उजवा गुडघा वळत नव्हता. तो पुढं कधीच वळला नाही. गुन्हा नोंदला नाही, कागद झाला नाही, सोनं मिळालं नाही. खड्डा भानगडीचा म्हणून कुणी मोजला नाही, त्यामुळं साक्ष तशीच उभी राहिली. दोन पावसाळ्यांत गाळ भरून रांजण झाकले गेले. साक्षीचं डोकं तेवढं वर राहिलं आणि त्यावर पुढं बाभूळ उगवली.

"खरं सांगायला मी गेलतो," किशन म्हणायचा. "त्याचा ह्यो गुडघा झाला. आता कुणी बी काय बी विचारू दी, न्हाई म्हणायचं."

पण त्या हंड्यानं त्यांना सोडलं नाही. घरावर पत्रे टाकले, लोक म्हणाले हंडा फुटला. मुलगा सिद्धोधन कॉलेजात गेला, हंडा फुटला. अर्धा एकर घेतला, त्यासाठी दोघांनी बारा वर्षं ऊस तोडला होता, तरी हंडाच. किशननं बोरीच्या बाजाराला जाणं सोडलं. चार वर्षांपूर्वी तो वारला. सांत्वनाला नागनाथराव आले, सतरंजीवर बसले, चहा घेतला आणि उठताना बाजूच्या माणसाला म्हणाले, "गेला बिचारा. हंड्याचं गुपित संगं घेऊन गेला." दोघं हसले. पंचफुला दाराशी उभी होती.

तर असं हे ‘न्हाई’. जीपमध्ये नागनाथराव बसलेले असताना ते दुसरं काही म्हणून बाहेर पडणं शक्यच नव्हतं.

बारा दिवसांनी पंचफुला शेळी घेऊन पुन्हा तिकडं गेली तर जुन्या खड्ड्याभोवती चुन्याची पांढरी रेघ ओढलेली. साक्षीवरच्या बाभळीला लाल रंगाचा ठिपका. घरी येऊन तिनं सिद्धोधनला विचारलं.

"भरावाला माती लागती ना," तो जेवता जेवता म्हणाला. "पयले जुने खड्डे उकरणार, मंग कालव्याला शिमिटचं अस्तर. सोमवारी पोकलेन यायलंय. बरं झालं माय, कालव्याच्या टोकाला आपल्याकडं पाणीच येत न्हाई दोन वर्षं झालं. औंदा गव्हाला येईल."

"तिथं उकरणार? त्या बाईनं पाहणी केली ना?"

"केली की. काही न्हाई आसा अहवाल गेला. संस्थेत वाचून दाखवला नागनाथकाकानं. तुझं बी नाव हाय त्यात." सिद्धोधन हसला. "स्थानिक ज्येष्ठ नागरिक पंचफुलाबाई."

पंचफुलाची भाकर तव्यावरच राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा सून धम्मशीलानं ती उचलली.

त्या रांजणात सोनं नव्हतं हे सांगणारं जगात आता एकच उरलं होतं, तो रांजण. त्याचं बूड अजून जमिनीत होतं. आतलं कुणी काढलं की नाही हे त्यालाच ठाऊक. सोमवारी पोकलेनचा एक घास आणि किशन कायमचा चोर. आणि त्या घासावर पंचफुलाचं नाव लिहिलेलं.

तिनं सिद्धोधनला सगळं सांगितलं. त्यानं ताट बाजूला सारलं.

"आदी का न्हाई बोललीस?"

"बापाचा गुडघा बगितलायस ना तू."

"बगितलाय. पण आता काढू नको माय. काम थांबलं तर पाण्याचं पहिलं आवर्तन जातंय. समदं टोक आपल्या नावानं बोंबलंल. आदी हंडेवाले होतो, आता पाणी आडवणारे होऊ."

"तू गहू पेर," पंचफुला म्हणाली. "मी जाऊन येते."

दुसऱ्या दिवशी ती धम्मशीलाला घेऊन एसटीनं कालव्याच्या दफ्तरात गेली. साहेब जीपमधलेच होते. त्यांनी बसा म्हटलं, पाणी दिलं, ऐकून घेतलं. मग टेबलावरचा पेन सरळ केला.

"आजी, अहवाल वर गेला. त्यात निरंक आहे. आता तुमच्या नुसत्या सांगण्यावर काम थांबवता येत नाही. लेखी अर्ज लागेल, जागेचा नकाशा लागेल, तज्ज्ञांचं मत लागेल. काही पुरावा आहे का?"

"कशाचा?"

"तिथं काही आहे याचा."

पंचफुला उठून उभी राहिली. बसून बोलण्यासारखं ते नव्हतं.

"सायेब, त्या दिशी मी न्हाई म्हणाले, तवा तुमी पुरावा मागितला का? तुमी गाडीतून खाली पाय ठिवला का? एका म्हातारीच्या तोंडातून न्हाई निघालं आन् तुमी त्ये वरपसत्तर पोचवलं. नकाशा लागला न्हाई, तज्ज्ञ लागला न्हाई. आता तीच म्हातारी, त्याच तोंडानं हाय म्हणायली, तर तिला पुरावा लागतो. माझं न्हाई खरं आन् हाय खोटं, ह्ये कुण्या शाळेत शिकवतात?"

बाहेरच्या टेबलांवरची कुजबुज थांबली. साहेब म्हणाले, "ओरडू नका आजी."

"मी ओरडायली न्हाई. ओरडायचं आजून बाकी हाय."

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि मीटिंग आहे म्हणून बाहेर निघून गेले. धम्मशीला सासूचा हात धरून तिला जिन्यापर्यंत आणत होती, तेवढ्यात मागून दत्ता नावाचा कारकून आला. त्यानं अहवालाचं शेवटचं पान पुढं धरलं. पानाच्या तळाशी जीपमधल्या वहीवाल्या बाईंचं नाव होतं, राजेश्री, आणि मोबाइल नंबर. "मी दिला म्हणू नका मावशी," तो म्हणाला आणि पान घेऊन परत गेला. धम्मशीलानं नंबर तोवर मोबाइलात घेतला होता.

स्टँडवरूनच फोन लावला. राजेश्रीनं पहिल्यांदा ऐकून घेतलं. मग तिचा आवाज चढला.

"आजी, तुम्ही मला खोटं सांगितलंत. मी तुमच्या शब्दावर भरवसा ठेवून लिहिलं. आता अहवाल बदलायचा म्हणजे माझीच चूक दाखवायची. माझी नोकरी करारावरची आहे."

"माझ्या नवऱ्याचा गुडघा कायमचा होता बाई," पंचफुला म्हणाली. "आन् भरवसा कशाचा, तुमी त्या दिशी किती गावं केली?"

पलीकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"नऊ," राजेश्री म्हणाली.

शनिवारी ती आली, जीपनं नाही, एसटीनं. बोरीहून रिक्षा करून फाट्यावर उतरली आणि दोन किलोमीटर चालत. पाठीवर पिशवी, पिशवीत छोटी थापी, ब्रश आणि पाण्याची बाटली. पंचफुला तिला साक्षीपाशी घेऊन गेली. राजेश्रीनं खुंटाची एक बाजू थापीनं अलगद तासली, पाणी शिंपडलं आणि मागं सरून उभी राहिली. ओल्या मातीत पट्टे दिसायला लागले. वर काळी, खाली पांढरी राख, मग भाजल्यासारखी तांबडी, मग चोपून केलेली जमीन, तिच्याखाली पुन्हा राख. मध्ये खापरांच्या कडा, एकावर एक.

"हा खुंट कुणी सोडायला सांगितला?" तिनं विचारलं.

"सगळेच सोडायचे. मोजायला."

"आम्ही पण उत्खननात असाच उभा भाग सोडतो आजी. थर वाचता यावेत म्हणून. कॉलेजात दोन वर्षं शिकवतात हे." ती हसली, मग हसू गेलं. "मी ह्याच्यापासून वीस पावलांवर होते त्या दिवशी."

"काच लावून," पंचफुला म्हणाली.

राजेश्रीनं मान खाली घातली नाही की सबब सांगितली नाही. वही काढली. नवा अहवाल लिहायचा तर पंचफुलाची लेखी जबानी हवी होती, आणि त्यात आधी खोटं सांगितल्याचं कबूल करायला हवं होतं.

"लिहा," पंचफुला म्हणाली. "आदी न्हाई म्हणाले त्ये बी लिहा, आन् का म्हणाले त्ये बी लिहा. नुसतं अर्धं लिहू नका."

राजेश्रीनं तिथूनच फोटो आणि जबानी आपल्या वरिष्ठांना पाठवली. रविवारी सुट्टी असून दोनदा फोन केला. सोमवारी पोकलेन आला तो त्या खड्ड्यापाशी थांबवून ठेवावा लागला. पुढचं काम चालू ठेवायचं, पण ही जागा दहा दिवस सोडायची, आणि ती मोकळी करून दिल्याचा पंचनामा झाल्यावरच माती काढायची, असा हुकूम निघाला. भरावाची माती तिथूनच घ्यायची ठरलेली असल्यामुळं पुढचं काम चालू ठेवणं नुसतं कागदावरच होतं.

गाव पेटलं. पारावर नागनाथरावांनी संस्थेची माणसं जमवली. पंचफुला किराणा घेऊन तिथून चालली होती, तिला थांबवलं.

"पंचफुले, तुझ्या गाडग्यापायी साठ घरांचं पाणी आडलंय. कळायलंय का तुला?"

"गाडगं आज झालं का नागनाथराव? बावन्न वर्षं तर तुमी हंडा म्हणत होता."

दोन-तीन पोरं फिसकन हसली. नागनाथरावांचं तोंड लाल झालं. "जुनं कशाला उकरायली?"

"मी कुठं, सरकार उकरायलंय. आन् इतकी घाई तुमालाच का? सोनं निघालं तर तुमचंच खरं होईल की."

ती पिशवी सावरून घराकडं निघाली. पण पुढं तिची शेळी कुणाच्या बांधावर गेली की शिव्या यायला लागल्या. पिठाच्या गिरणीत धम्मशीलाचा डबा शेवटी ठेवू लागले. सिद्धोधन घरात बोलेनासा झाला. पेरलेला गहू बोटभर वर आलेला, आणि पाण्याच्या चारीत धूळ.

खोदायला माणसं हवी होती. गावातून एक जण आला नाही. शिवेकडच्या वस्तीतल्या, भीमनगरातल्या बाया आल्या. सुमनबाई आली, तिची जाऊ आली, दुष्काळात ह्याच कालव्यावर राबून सुकडी खाल्लेली तानुबाई आली, तिला तर दिसतही कमी. राजेश्रीनं सांगितलं, कुदळ नाही, फावडं नाही, थापी आणि ब्रश. बाया लुगड्याचा काष्टा मारून खाली बसल्या आणि पांढरी ओंजळीओंजळीनं काढू लागल्या. तानुबाई म्हणाली, "आसं हळू काम मस्टरवर केलं आसतं तर नागनाथानं हाजरी कापली आसती."

तिसऱ्या दिवशी सकाळी सिद्धोधन टोपलं घेऊन खड्ड्याच्या काठावर उभा होता. कुणाशी न बोलता त्यानं गाळ उचलायला सुरुवात केली. दुपारी आईच्या हातची भाकर घेतली तेव्हा एवढंच म्हणाला, "बाबा कुठं उभे होते?" पंचफुलानं जागा दाखवली.

सातव्या दिवशी रांजण उघडे पडले. दोन सबंध, दगडासकट. त्यात काही फार नव्हतं, राख आणि उंदरांची हाडं. मधल्याला खांद्याशी भोक होतं, पंजाएवढं, कुदळीच्या टोकाचा ओरखडा तसाच. राजेश्रीनं साक्षीचा खालचा भाग सुरीनं कापल्यासारखा उतरवला आणि रांजणाची साक्षीतली बाजू मोकळी केली. तिथली दोन खापरं आधीच तडकलेली होती, ती अलगद काढली. आत हुलगे होते. जळून कोळसा झालेले, दाणा न् दाणा वेगळा दिसणारे, बुडापासून भोकापर्यंत ठासून भरलेले. वर भाजलेल्या मातीची पातळ साय. ती सगळीकडं सलग होती, भोकासमोर तेवढा एक खळगा, काठीच्या टोकाएवढा.

"ह्याला हात लागलेला नाही," राजेश्री म्हणाली. "काही काढलं असतं तर ही साय फुटली असती. दीड हजार वर्षं तरी झाली असतील. घर जळलं असावं, धान्य आतच राहिलं."

सिद्धोधन त्या खळग्याकडं बघत होता. "जमादाराची काठी," तो म्हणाला. त्याचे कान तापून लाल झाले होते. "ह्या दाण्यांपायी. माझ्या बापाला ह्या हुलग्यांपायी मारलं."

पंचफुलाला रडू येईल असं बायांना वाटलं. ती रडली नाही. तिला इतका राग आला होता की डोळे कोरडे ठणठणीत झाले होते. जमादारानं हात घालून मूठभर काढलं असतं तर मुठीत दाणे आले असते. खाली वाकायला लागलं असतं, एवढंच. नागनाथ खड्ड्यात उतरला असता तर त्यालाही दिसलं असतं. कुणाला कंबर वाकवायची नव्हती, म्हणून किशनला जन्मभर लंगडायला लागलं.

दहाव्या दिवशी साहेब पंचनाम्याचा कागद घेऊन आले. गावातले दोन पंच लागणार होते, आणि जबानी दिलेली म्हणून त्यात पंचफुलाची सही हवीच असं हुकमात होतं. टोकाचे वीस-पंचवीस शेतकरी काठावर जमले होते, पोकलेनवाला मशिनीत बसून होता. रांजणांचे फोटो झाले होते, हुलग्यांचे नमुने पिशव्यांत बांधले होते.

"एक पंच मी," पंचफुला म्हणाली. "दुसरे नागनाथराव."

नागनाथराव मागच्या मागं सरकले. "माझं काय काम. कुणाची बी सही घ्या."

"दुसऱ्या कुणाची आसंल तर माझी मिळणार न्हाई."

शेतकऱ्यांत चुळबुळ झाली. "करा की काका सही," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "पोकलेन तासाच्या भाड्यावर हाय. गहू वाळायलाय." जी माणसं आठ दिवस पंचफुलाला अडवत होती तीच आता नागनाथरावांच्या पाठीशी उभी राहून त्यांना पुढं ढकलत होती.

नागनाथरावांनी खिशातून पेन काढलं.

"आदी खाली उतरा," पंचफुला म्हणाली. "मागच्या खेपेला तुमी वरूनच बगितलं होतं."

दोघांनी धरून म्हाताऱ्याला खड्ड्यात उतरवलं. टोपी कलली. त्यांनी रांजणात हात घातला, बाहेर काढला. तळहातावर चार काळे दाणे होते. त्यांनी ते बोटानं हलवून पाहिले.

"हुलगे हायत," ते म्हणाले.

"आता वाचा. मोठ्यानं."

साहेब म्हणाले, "वाचायची गरज नाही, नुसती सही..."

"गरज हाय," राजेश्री म्हणाली. मजकूर तिनंच लिहिला होता, आणि त्यात शेवटी दोन ओळी अशा होत्या की ज्या साहेबांनी सकाळी तिला खोडायला सांगितल्या होत्या आणि तिनं खोडल्या नव्हत्या.

नागनाथराव वाचू लागले. रांजणांची लांबी-रुंदी झाली, थर झाले. मग आवाज उतरला. "सन एकोणीसशे त्र्याहत्तर साली मजूर किशन यांच्या कुदळीने मधला रांजण उघडा पडला. त्यांनी तो त्याच दिवशी मस्टर कारकून..."

"ऐकू यायला न्हाई," काठावरून तानुबाई म्हणाली. "हाजरी वाचायचास तवा मोरीपसत्तर ऐकू यायचं."

"...मस्टर कारकून नागनाथ यांना कळवला. रांजणातून काहीही काढले गेलेले नाही, हे आतील थर अखंड असल्याने सिद्ध होते."

सही करून ते वर आले. धोतराची पांढरी झटकत म्हणाले, "मला काय ठावं होतं आत काय हाय."

"ठावं नव्हतं तर बाजारात कशाला सांगितलंस?" पंचफुला म्हणाली. बावन्न वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याला अरेतुरे केलं, आणि काठावर कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. "त्याच्या मयतीला येऊन हसलास तू. चहा पिऊन हसलास."

नागनाथरावांनी कललेली टोपी सरळ केली. साहेबांनी कागद पंचफुलापुढं धरला. "करा आजी सही. झालं तुमच्या मनासारखं."

"मला ह्याची नक्कल पायजे."

"उद्या ऑफिसात या, झेरॉक्स देतो."

"उद्या न्हाई. तुमच्या दफ्तरात गेल्यावर कागदाचं काय होतं त्ये मी बगितलंय. नक्कल हातात आली की सही."

साहेबांनी राजेश्रीकडं पाहिलं. ती पिशव्यांवर नंबर टाकत होती, तिनं मान वर केली नाही. शेवटी सिद्धोधन साहेबांच्या ड्रायव्हरला मागं बसवून, कागद त्याच्या हातात देऊन, मोटारसायकलनं बोरीला निघाला. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास, आणि दुकानात लाइट असेल तर. पोकलेनवाल्यानं मशीन बंद केलं. शेतकरी बाभळीच्या सावलीत उकिडवे बसले, कुणी तंबाखू मळायला घेतली. नागनाथराव जायला निघाले तर टोकाच्या लोकांनीच त्यांना बसवलं, न जाणो आणखी कुठं सही लागली तर.

पंचफुला खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसली आणि रस्त्याकडं बघत राहिली.